‘स्टाइल’ ते ‘ऑटोफॉरमॅट’ : वर्ड प्रोसेसरमधील मांडणीच्या निर्णयाधिकाराचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

महाविद्यालयीन अध्यापकाच्या दैनंदिन कामकाजात वर्ड प्रोसेसर हे आज लेखणीइतकेच नित्याचे साधन झाले आहे. प्रश्नपत्रिका, सभांची इतिवृत्ते, शोधनिबंध, प्रबंध, मूल्यांकनाचे अहवाल यांपैकी बहुतांश लेखन याच साधनाद्वारे होते. हे लेखन करीत असताना एक अनुभव सर्वांनाच येतो. ओळीच्या आरंभी आकडा व पूर्णविराम टंकित करून मजकूर लिहिला आणि एंटर कळ दाबली की पुढील ओळीवर दुसरा आकडा आपोआप उमटतो. सरळ अवतरणचिन्ह वक्र होते. सलग तीन संयोगचिन्हे दिली की पानाच्या रुंदीची आडवी रेषा तयार होते. लेखकाने यातील काहीही मागितलेले नसते. यंत्राने लेखकाचा हेतू ओळखण्याचा प्रयत्न केलेला असतो.

या सोयींची चर्चा सामान्यतः तांत्रिक अंगाने होते. कोणते बटण दाबावे, कोणती सोय बंद करावी, एवढ्यापुरतीच ती मर्यादित राहते. वस्तुतः या सोयींना साठ वर्षांचा इतिहास आहे आणि त्या इतिहासाच्या केंद्रस्थानी एक मूलभूत प्रश्न आहे. मजकुराचा एखादा भाग ‘काय आहे’ हे कोणी ठरवावयाचे? लेखकाने ते सांगावयाचे की यंत्राने ते ताडावयाचे? पहिल्या मार्गास प्रस्तुत शोधनिबंधात ‘घोषणा’ व दुसऱ्या मार्गास ‘अनुमान’ असे म्हटले आहे. वर्ड प्रोसेसरमधील ‘स्टाइल’ ही सोय घोषणेच्या परंपरेतून आली, तर ‘ऑटोफॉरमॅट’ ही अनुमानाच्या परंपरेची निर्मिती होय. दोन्ही सोयी आज एकाच सॉफ्टवेअरमध्ये शेजारी शेजारी नांदत असल्या, तरी त्यांच्यामागील तत्त्वे परस्परविरोधी आहेत, अशी या निबंधाची मांडणी आहे.

शोधनिबंधाची उद्दिष्टे :

१. वर्ड प्रोसेसरमधील स्टाइल या संकल्पनेच्या उगमाचा व विकासाचा मागोवा घेणे.
२. स्वयंचलित मांडणीच्या सोयी कोणत्या परिस्थितीत आल्या व त्यामागील गृहीतके कोणती, याचे विवेचन करणे.
३. मराठी मजकुराच्या संदर्भात या गृहीतकांचे परिणाम तपासणे.

अभ्यासपद्धती व व्याप्ती :

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. कालखंड १९६४ पासून आजपर्यंतचा आहे. सर्व सॉफ्टवेअरांचा परामर्श घेणे शक्य नसल्याने घोषणा व अनुमान या दोन प्रवाहांच्या दृष्टीने निर्णायक ठरलेल्या टप्प्यांवरच लक्ष केंद्रित केले आहे.

१. छापखाना, टंकलेखन यंत्र आणि संगणक :

खिळ्यांच्या छापखान्यात मजकूर व मांडणी यांची स्पष्ट श्रमविभागणी होती. लेखक हस्तलिखित देत असे. संपादक त्यावर खुणा करीत असे. शीर्षक कोणते, अवतरण कोणते, तळटीप कोणती हे त्या खुणांवरून जुळाऱ्यास समजत असे. शीर्षक किती पॉइंटचे असावे, अवतरण किती आत सरकवावे हे छापखान्याच्या रूढ पद्धतीने ठरत असे. म्हणजे ‘हे शीर्षक आहे’ हा निर्णय लेखक-संपादकाचा आणि ‘शीर्षक कसे दिसावे’ हा निर्णय मुद्रकाचा होता.

टंकलेखन यंत्राने ही विभागणी मोडली. टंकलेखकाजवळ अधोरेखन, मोकळी जागा, इंग्रजीत मोठी लिपी अशी मोजकी साधने होती. शीर्षक मध्यभागी आणावयाचे तर अक्षरे मोजून तेवढ्या जागा सोडाव्या लागत. येथे ‘काय आहे’ व ‘कसे दिसते’ हे दोन निर्णय एकाच हाताने, एकाच क्षणी होऊ लागले. मोकळ्या जागा सोडून शीर्षक मध्यभागी आणण्याची व एंटर कळ वारंवार दाबून नवे पान गाठण्याची सवय आजही संगणकावर दिसते. तिचे मूळ टंकलेखन यंत्रात आहे.

‘शब्दप्रक्रिया’ या अर्थाची संज्ञा आयबीएमच्या जर्मनीतील कामाशी संबंधित असलेले उलरिख स्टाइनहिल्पर यांच्या नावाशी जोडली जाते. १९६४ मध्ये आयबीएमने चुंबकीय फितीवर मजकूर साठविणारे टंकलेखन यंत्र बाजारात आणले. त्यामुळे पुन्हा टंकलेखन न करता दुरुस्ती करणे शक्य झाले. परंतु मांडणीचा विचार टंकलेखन यंत्राचाच राहिला.

२. घोषणेची परंपरा : रनऑफ ते एसजीएमएल

त्याच वर्षी, म्हणजे १९६४ मध्ये, मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत जेरोम साल्त्झर यांनी ‘रनऑफ’ हा कार्यक्रम लिहिला. यात मजकुराच्या ओळींमध्ये टिंबाने सुरू होणारे आदेश लिहिले जात. ‘मध्यभागी आण’, ‘एक ओळ सोड’, ‘नवे पान घे’ अशा स्वरूपाचे ते आदेश होते. छपाईच्या वेळी यंत्र ते वाचून पान रचत असे. या परंपरेतूनच पुढे बेल प्रयोगशाळेतील ‘रॉफ’ व ‘ट्रॉफ’ हे कार्यक्रम आले. युनिक्स या संचालन प्रणालीच्या आरंभीच्या वाढीस तेथील पेटंट विभागाच्या मजकूर-मांडणीच्या गरजेचा हातभार लागला, ही बाब येथे उल्लेखनीय आहे. पेटंटच्या अर्जांची मांडणी करण्याच्या कामातून या प्रणालीस संस्थेअंतर्गत आधार मिळाला.

रनऑफचे आदेश मात्र दृश्यरूपाविषयीच होते. ‘मध्यभागी आण’ एवढेच यंत्रास सांगितले जाई. का आणावयाचे हे सांगितले जात नसे. हा भेद सैद्धांतिक पातळीवर स्पष्ट करण्याचे श्रेय विल्यम टनिक्लिफ यांच्याकडे जाते. सप्टेंबर १९६७ मध्ये कॅनडाच्या शासकीय मुद्रण कार्यालयातील बैठकीत त्यांनी दस्तऐवजातील आशय व त्याचे स्वरूप यांची फारकत करण्याचा विचार मांडला. न्यूयॉर्कमधील ग्रंथरचनाकार स्टॅन्ली राइस यांनीही याच सुमारास मजकुराच्या संपादकीय रचनेवर आधारित खुणांची कल्पना पुढे आणली. हे दोघेही मुद्रणव्यवसायाशी संबंधित होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. छापखान्यातील जुनी श्रमविभागणी संगणकात पुन्हा प्रस्थापित करण्याचाच हा प्रयत्न होता.

या विचारास प्रत्यक्ष रूप आयबीएममध्ये मिळाले. १९६९ मध्ये चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर व रेमंड लॉरी यांनी कायद्याच्या कार्यालयासाठी माहितीप्रणाली तयार करताना ‘जीएमएल’ ही खुणांची भाषा सिद्ध केली. तिचे नाव तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांशीही जुळते. गोल्डफार्ब यांचे शिक्षण कायद्याचे होते. कायद्याच्या दस्तऐवजात कलम, पोटकलम, परिशिष्ट यांची रचना हाच मजकुराचा कणा असतो. ती कशी दिसते ही बाब दुय्यम असते. जीएमएलमध्ये म्हणूनच ‘मध्यभागी आण’ असा आदेश देण्याऐवजी ‘हे शीर्षक आहे’, ‘हा परिच्छेद आहे’ अशी घोषणा करावयाची होती. तिचे दृश्यरूप अन्यत्र ठरविले जाई.

ब्रायन रीड यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठात तयार केलेला ‘स्क्राइब’ हा कार्यक्रम या प्रवाहातील पुढील महत्त्वाचा टप्पा होय. १९८० मध्ये त्यावरील त्यांचा प्रबंध पूर्ण झाला. लेखकाने दस्तऐवज पत्र आहे, लेख आहे की प्रबंध आहे, एवढे सांगावे आणि त्यातील भागांची नावे द्यावीत. बाकी सर्व तपशील कार्यक्रमाजवळील माहितीसंग्रहातून येत. १९८६ मध्ये जीएमएलचे विकसित रूप ‘एसजीएमएल’ या नावाने आंतरराष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारले गेले. पुढे महाजालाची पाने लिहिण्याची भाषा याच मानकाच्या आधारे आकारास आली. या सर्व प्रवाहात लेखक बोलतो आणि यंत्र ऐकते, असे संबंध होते.

३. पडद्यावरचे पान : ब्राव्हो ते वर्ड

घोषणेच्या परंपरेत एक अडचण होती. पान कसे दिसेल हे छापील प्रत हाती येईपर्यंत समजत नसे. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७४ मध्ये बटलर लॅम्पसन, चार्ल्स सिमोनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेल्या ‘ब्राव्हो’ या कार्यक्रमाने ही अडचण दूर केली. ऑल्टो या संगणकाच्या पडद्यावर ठळक, तिरपी व लहानमोठी अक्षरे प्रत्यक्ष दिसू लागली. पडद्यावर दिसेल तेच कागदावर उमटेल, हे तत्त्व येथून रूढ झाले.

या तत्त्वाचा लाभ मोठा होता, परंतु त्याची एक मर्यादाही होती. पडद्यावर केवळ रूप दिसते. त्या रूपाचे कारण दिसत नाही. ठळक अक्षरांतील दोन ओळींपैकी एक शीर्षक असू शकते आणि दुसरी केवळ जोर देण्यासाठी ठळक केलेली असू शकते. डोळ्याला त्या सारख्याच. रूप दिसू लागल्याबरोबर घोषणेची निकड लेखकास वाटेनाशी झाली.

ब्राव्होच्या निर्मात्यांना या मर्यादेची जाणीव होती, असे पुढील घटनाक्रमावरून म्हणता येते. सिमोनी १९८१ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये गेले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली रिचर्ड ब्रोडी यांनी लिहिलेला वर्ड १९८३ मध्ये डॉस प्रणालीसाठी प्रसिद्ध झाला. त्यात ‘स्टाइल शीट’ ही सोय होती. परिच्छेदास एक नाव द्यावयाचे. त्या नावाचे दृश्यरूप वेगळ्या फाइलमध्ये साठविले जाई. एकाच मजकुरास दुसरी स्टाइल शीट जोडली की संपूर्ण दस्तऐवजाचे रूप पालटे. घोषणेची परंपरा व पडद्यावरचे पान यांचा हा संगम होता. त्या काळात लोकप्रिय असलेल्या वर्डस्टारमध्ये रनऑफच्या धर्तीवरील टिंबाचे आदेश होते, तर वर्डपरफेक्टमध्ये मजकुरामागील खुणा उघड करून दाखविणारी खिडकी होती. वर्डने खुणा दृष्टिआड केल्या आणि त्यांच्या जागी नावे दिली.

तथापि व्यवहारात ही सोय मागे पडली. १९८९ मध्ये विंडोजसाठीचा वर्ड आला. ठळक, तिरपे व अधोरेखित अक्षरांची बटणे पडद्याच्या वरच्या पट्टीत आली. एका टिचकीत ओळ ठळक होत असताना ‘शीर्षक १’ ही स्टाइल शोधून देण्याचे श्रम सामान्य वापरकर्ता का घेईल? टंकलेखन यंत्रावर घडलेल्या हातांना ही बटणे परिचित वाटली. परिणामी असंख्य दस्तऐवजांत प्रत्येक परिच्छेदाची स्टाइल ‘नॉर्मल’ एवढीच राहिली आणि शीर्षके ही केवळ ठळक केलेल्या ओळी ठरल्या.

४. अनुमानाचा प्रवेश :

१९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वर्डच्या सहाव्या आवृत्तीत ऑटोकरेक्ट व ऑटोफॉरमॅट या सोयी ठळकपणे पुढे आल्या. ऑटोकरेक्टचे श्रेय मायक्रोसॉफ्टमधील डीन हाचामोविच यांना दिले जाते. वर्डमध्ये आधीपासून एक संक्षेपकोश होता. संक्षेप टंकित करून ठरावीक कळ दाबली की पूर्ण मजकूर येत असे. इंग्रजी ‘द’ या उपपदाची अक्षरे उलटसुलट टंकित होण्याची चूक फार वेळा होते. या कोशाचा उपयोग करून ती दुरुस्त करता येईल, हे त्यांच्या ध्यानात आले. खास कळीऐवजी शब्दानंतर दाबली जाणारी मोकळ्या जागेची कळ हीच दुरुस्तीची सूचना मानावी, ही त्यापुढील पायरी होती. लेखकाने मागणी केली की यंत्राने काम करावे, हा नियम येथे बदलला. लिहिणे हीच मागणी समजली जाऊ लागली.

ऑटोफॉरमॅटने हेच तत्त्व मांडणीस लागू केले. आरंभी तयार मजकूर एकदम तपासून त्याची मांडणी सुधारण्याची ही सोय होती. त्यानंतरच्या आवृत्त्यांत ती टंकलेखन चालू असतानाच काम करू लागली. आकड्याने सुरू होणारी ओळ म्हणजे यादीतील मुद्दा. शेवटी विरामचिन्ह नसलेली ओळ लिहून एंटर कळ दोनदा दाबली म्हणजे ते शीर्षक. अशी तिची अनुमाने होती. लेखक स्टाइल देत नाहीत, तर त्यांच्या टंकलेखनावरून यंत्रानेच रचना ओळखावी, असा यामागील विचार दिसतो. घोषणेच्या अभावाने निर्माण झालेली पोकळी अनुमानाने भरण्याचा हा प्रयत्न होता.

या प्रयत्नाचे सर्वांत वादग्रस्त रूप म्हणजे ऑफिस ९७ मधील साहाय्यक. कागद अडकविण्याच्या चापाच्या आकाराचे ते पात्र, लेखक पत्र लिहीत असल्याचे ओळखून मदत देऊ करी. यामागे एरिक हॉर्विट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांचे संभाव्यतेवर आधारित गंभीर संशोधन होते. परंतु प्रत्यक्ष उत्पादनात आलेले रूप बरेच सोपे होते आणि वापरकर्त्यांना त्याचा व्यत्ययच अधिक वाटला. २००१ च्या ऑफिस एक्सपीमध्ये ते मुळातच बंद ठेवण्यात आले आणि ऑफिस २००७ मध्ये काढून टाकण्यात आले. येथे एक बाब विचारात घेण्यासारखी आहे. पात्र गेले, मात्र त्यामागील अनुमानाचे तत्त्व गेले नाही. आकड्यांची यादी, वक्र अवतरणचिन्हे, आपोआप येणारी रेषा या सोयी कायम राहिल्या. ज्याचे अनुमान डोळ्यांसमोर बोलत होते त्यावर टीका झाली. ज्यांचे अनुमान मूकपणे चालले ती अंगवळणी पडली.

घोषणा व अनुमान यांची सर्वाधिक गल्लत ‘स्टाइल आपोआप अद्ययावत करणे’ या पर्यायात दिसते. हा पर्याय चालू असताना एका परिच्छेदात केलेला बदल त्या स्टाइलच्या सर्व परिच्छेदांस लागू होतो. एक ओळ ठळक केली आणि संपूर्ण प्रकरण ठळक झाले, हा गोंधळ यातूनच उद्भवतो. लेखकाची एकच स्थानिक कृती यंत्र सार्वत्रिक घोषणा म्हणून वाचते.

५. चुकलेल्या अनुमानाची किंमत :

अनुमान चुकले तर लेखक ते दुरुस्त करील, असे गृहीतक या सोयींमागे आहे. चूक लक्षात आली तरच हे घडते. इंग्रजीतील ‘सहकार्य’ या अर्थाचा शब्द काही जुन्या शब्दकोशांत केवळ संयोगचिन्हासह दिलेला होता. चिन्हाशिवाय लिहिल्यास शुद्धलेखन तपासणी कॅलिफोर्नियातील ‘क्युपर्टिनो’ या गावाचे नाव सुचवी. परिणामी संयुक्त राष्ट्रे व युरोपीय संघ यांच्या काही दस्तऐवजांत सहकार्याच्या जागी हे ग्रामनाम छापले गेले. अशा चुकांना आता ‘क्युपर्टिनो परिणाम’ असेच म्हटले जाते.

याहून गंभीर उदाहरण वर्ड प्रोसेसरच्या भावंडाचे, म्हणजे एक्सेल या तक्तापत्रकाचे आहे. मानवी जनुकांची काही संक्षिप्त नावे इंग्रजी महिन्यांच्या संक्षेपांसारखी होती. ‘सेप्ट’ किंवा ‘मार्च’ व पुढे आकडा असे नाव टंकित केले की एक्सेल त्याचे दिनांकात रूपांतर करी. २००४ मध्येच संशोधकांनी याकडे लक्ष वेधले होते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत अशा चुका आढळल्या. अखेर २०२० मध्ये जनुकनामांचे नियमन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने ही नावेच बदलल्याचे जाहीर केले. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने हे रूपांतर बंद करण्याचा पर्याय एक्सेलमध्ये दिला. यंत्राचे अनुमान बदलण्यापूर्वी विज्ञानाला आपली परिभाषा बदलावी लागली, हा क्रम निर्णयाधिकार कोणाकडे गेला होता हे पुरेसे स्पष्ट करतो.

६. मराठी मजकूर आणि इंग्रजीची गृहीतके :

आतापर्यंत पाहिलेली अनुमाने इंग्रजी लेखनव्यवहारावर बेतलेली होती. त्यांचा मराठीशी संबंध आला तेव्हा एक निराळाच प्रश्न निर्माण झाला. एकोणीसशे नव्वदच्या दशकात व त्यानंतरही बराच काळ मराठी अक्षरजुळणी ही प्रमाणित संकेतप्रणालीऐवजी विशिष्ट फॉन्टांवर अवलंबून होती. या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी अक्षरांचे तुकडे बसविलेले असत. वाचणाऱ्यास मराठी दिसे. यंत्राच्या लेखी मात्र तो रोमन अक्षरांचा अर्थहीन क्रम असे.

अशा मजकुरावर ऑटोकरेक्ट चालू राहिल्यास काय घडेल हे सहज ध्यानात येते. वाक्याचे पहिले अक्षर मोठ्या लिपीत करण्याच्या नियमामुळे एका देवनागरी चिन्हाच्या जागी निराळेच चिन्ह येई. सलग दोन मोठी अक्षरे आली तर दुसरे लहान करण्याच्या नियमानेही तेच होई. सरळ अवतरणचिन्हाचे वक्र चिन्हात रूपांतर झाले की त्याचा संकेतांक बदले आणि त्या स्थानी फॉन्टमध्ये जे काही असेल ते उमटे. शुद्धलेखन तपासणीची लाल नागमोडी रेषा तर संपूर्ण पानाखाली येई. त्यामुळे मराठीचे काम सुरू करण्यापूर्वी या सोयी एकेक करून बंद करणे, ही डीटीपी करणाऱ्यांच्या कामातील आवश्यक पूर्वतयारी होती. मुद्रिते वाचणाऱ्याला जी चूक टंकलेखकाची वाटे, ती अनेकदा यंत्राच्या ‘दुरुस्ती’ची असे.

युनिकोडमुळे ही स्थिती बदलली. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासूनच युनिकोडमध्ये देवनागरीस स्थान होते आणि विंडोज २००० पासून ‘मंगल’ या फॉन्टसह ती सामान्य संगणकावर टंकित करता येऊ लागली. देवनागरीत लहान-मोठी लिपी नसल्याने मोठ्या अक्षरांचे नियम आता निरुपद्रवी ठरले. युनिकोडचा स्वीकार हाही एका अर्थी घोषणेचाच विजय होता. हे अक्षर ‘क’ आहे, हे आता फॉन्टने भासविण्याऐवजी मजकुरातच नोंदविले जाते.

परंतु गृहीतकांचे अवशेष राहिले. वर्डच्या प्रत्येक स्टाइलमध्ये रोमन मजकुरासाठी एक आणि देवनागरी, अरबी यांसारख्या ‘जटिल लिपीं’साठी दुसरा असे फॉन्ट व आकाराचे वेगवेगळे संच असतात. रोमनसाठी आकार बदलला तर देवनागरीचा आपोआप बदलतोच असे नाही. इंग्रजी संज्ञा असलेल्या मराठी परिच्छेदात दोन लिप्यांचे आकार विसंगत दिसतात, त्याचे हे एक कारण आहे. क्रमांकनाच्या बाबतीतही असेच दिसते. २००६ मध्ये युरोपीय मानक संस्थेने व २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने स्वीकारलेल्या ऑफिस दस्तऐवजांच्या मानकात क्रमांकनाच्या हिंदी स्वर, हिंदी व्यंजने, हिंदी अंक व हिंदी गणना अशा पद्धती आहेत. मराठीच्या नावाची पद्धत नाही. अंक सारखेच असल्याने तेथे अडत नाही. शब्दांतील गणना मात्र मराठीची व हिंदीची एक नव्हे. जी घोषणा करण्याची सोयच मानकात नाही, ती लेखक करू शकत नाही. घोषणेची शब्दसंपदा कोण ठरवितो, हा प्रश्न म्हणूनच भाषिक समाजाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

७. फाइलच्या अंतरंगात घोषणेचे पुनरागमन :

पडद्यावर अनुमानाचा विस्तार होत असताना फाइलच्या अंतरंगात उलट प्रवास घडत होता. १९९४ मध्ये हाकोन व्यूम ली यांनी महाजालाच्या पानांसाठी रूप व रचना यांची फारकत करणाऱ्या शैलीपत्रकांचा प्रस्ताव मांडला आणि १९९६ मध्ये त्यास मान्यता मिळाली. १९९८ मध्ये एसजीएमएलची सुटसुटीत आवृत्ती म्हणून ‘एक्सएमएल’ आली. ऑफिस २००७ पासून वर्डची फाइल याच भाषेत साठविली जाऊ लागली. आज वर्डमधील कोणताही परिच्छेद फाइलमध्ये खुणांच्या चौकटीत असतो आणि त्यास दिलेल्या स्टाइलचे नाव तेथे नोंदलेले असते. १९६९ च्या जीएमएलची ही थेट वंशज होय. ज्या लेखकाने कधीही स्टाइल वापरली नाही, त्याचेही लेखन घोषणेच्या चौकटीतच साठविले जाते. फक्त त्या चौकटी रिकाम्या असतात.

या रिकामेपणाचे व्यावहारिक परिणाम आहेत. अनुक्रमणिका आपोआप तयार होते ती शीर्षकांच्या स्टाइलवरून. दृष्टिबाधित वाचक पडदावाचक सॉफ्टवेअरच्या साहाय्याने एका शीर्षकावरून दुसऱ्या शीर्षकाकडे जातो, तोही त्याच आधारे. ओळ नुसती ठळक केली असेल तर डोळस वाचकास ती शीर्षक वाटते, दृष्टिबाधित वाचकास मात्र तीनशे पानांचा प्रबंध हा एकसलग मजकूर होऊन बसतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमावलीने प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत सादर करणे आवश्यक केले आणि ‘शोधगंगा’ या संग्रहाद्वारे प्रबंध सर्वांस खुले होऊ लागले. प्रबंध उपलब्ध असणे व तो सर्वांना वाचता येणे या मात्र दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट बऱ्याच अंशी लेखकाच्या घोषणेवर अवलंबून आहे.

निष्कर्ष :

१. वर्ड प्रोसेसरमधील स्टाइल ही सोय सजावटीच्या गरजेतून आलेली नाही. मुद्रणव्यवसाय व कायद्याचे दस्तऐवज यांतील रचनाविचारातून ती विकसित झाली. मजकुराचा भाग काय आहे हे सांगण्याचा अधिकार लेखकाकडे ठेवणे, हे तिचे मूळ प्रयोजन होय.
२. पडद्यावर रूप दिसू लागल्याने व टंकलेखन यंत्राच्या सवयी कायम राहिल्याने घोषणेचा वापर घटला. ऑटोफॉरमॅटसारख्या सोयींनी ती उणीव अनुमानाने भरून काढण्याचा प्रयत्न केला.
३. अनुमान ज्या भाषेच्या व व्यवहाराच्या आधारे रचले जाते, त्याबाहेरील मजकुरावर ते अन्याय करते. जनुकांची नावे व जुन्या फॉन्टांतील मराठी ही त्याची दोन भिन्न उदाहरणे आहेत.
४. मराठीच्या संदर्भात केवळ टंकलेखनाची सोय पुरेशी नाही. मानकांच्या शब्दसंपदेत मराठीच्या लेखनव्यवहारास स्थान मिळणे आवश्यक आहे.
५. महाविद्यालयांतील संगणक प्रशिक्षणात बटणांच्या परिचयाबरोबरच स्टाइलद्वारे रचना सांगण्याचे शिक्षण देणे गरजेचे आहे. संशोधक विद्यार्थ्यांच्या बाबतीत ते संशोधन पद्धतीच्या अभ्यासक्रमाचाच भाग मानले जावे.

समारोप :

२०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने वर्डमध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित लेखनसाहाय्य आणले. त्यामुळे अनुमानाची कक्षा अक्षर, शब्द व मांडणी यांपलीकडे जाऊन वाक्य व परिच्छेद यांपर्यंत पोहोचली आहे. मोकळ्या जागेची कळ ही दुरुस्तीची मागणी मानण्यापासून सुरू झालेल्या प्रवासातील हा स्वाभाविक टप्पा आहे. अनुमानाच्या सोयी उपयुक्त आहेत आणि त्या नाकारण्याचे कारण नाही. परंतु जेथे यंत्राचे अनुमान लेखकाच्या घोषणेआधी येते, तेथे मजकुराची जबाबदारी मात्र लेखकाकडेच राहते. प्रबंधातील चुकलेल्या दिनांकाविषयी मौखिक परीक्षेत प्रश्न विचारला जाईल तो संशोधकास, सॉफ्टवेअरला नव्हे. जबाबदारी लेखकाची असेल तर निर्णयाधिकारही त्याच्याकडेच असावयास हवा. तो अधिकार बजावण्याचे साधन वर्ड प्रोसेसरमध्ये १९८३ पासून उपलब्ध आहे. ते वापरण्याचे शिक्षण देणे हे अध्यापकवर्गाचे काम आहे.